पगार होतो, टिप ठेवतात

मराठीत पगार होतो. मजुरी मिळते, रोज पडतो, हजेरी भरते. बक्षीस देतात, पोस्त मागतात, चिरीमिरी सरकवतात. आणि टिप ठेवतात. पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो इतकंच खरं, पण प्रत्येक शब्दाने आपलं क्रियापद निराळं निवडलं आहे आणि त्या निवडीत देणाऱ्या-घेणाऱ्याचं नातं नोंदलं गेलं आहे. ‘आमचा पगार झाला’ या वाक्यात देणारा नसतोच. तारीख आली, पगार झाला. त्यात कुणाचे उपकार नाहीत. बक्षीस देताना देणाऱ्याचा हात वर असतो. पोस्त मागायला माणूस दिवाळीला दाराशी येतो, आणि ते मागणं सणाच्या रीतीत बसतं. टिप या सगळ्यांहून वेगळी. ती सहसा हातात देत नाहीत, मागतही नाहीत. बडीशेपेच्या बशीत किंवा बिलाच्या पाकिटात ती ठेवली जाते, ठेवणारा उठून चालू लागतो, आणि मग वेटर बशी उचलतो. किती ठेवली, का ठेवली, का नाही ठेवली, यावर दोघांत एक शब्दही होत नाही.

या न बोललेल्या व्यवहारावर हजारो वेटरांचा महिना अवलंबून असतो, म्हणून त्याचे शब्द नीट पाहण्यासारखे आहेत.

आधी हक्काचे शब्द. ‘वेतन’ संस्कृतातून आला. ‘मुशाहिरा’ पेशवाईच्या कागदपत्रांत भेटतो. अरबीत ‘शहर’ म्हणजे महिना, त्यावरून दरमहाचा तो मुशाहिरा. फारसीत ‘रोज’ म्हणजे दिवस, त्यावरून रोजंदारी. काळाच्या मापाने ठरलेला पैसा, असा या दोन्ही शब्दांचा पाया. ‘पगार’ हा तर पोर्तुगीजांनी कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर उतरवलेला शब्द. पोर्तुगीजात ‘पागार’ हे क्रियापद, अर्थ ‘पैसे चुकते करणं’. मराठीत त्याचं नाम झालं. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘पाकारे’ आहे, म्हणजे शांत करणं, समाधान करणं. ज्याचं देणं आहे त्याचं समाधान झालं की व्यवहार मिटला. इंग्रजी ‘पे’ही याच मुळाचा. समाधान होईपर्यंत देणं फिटत नाही, ही कल्पना ‘पगार’ या शब्दाच्या पोटातच आहे.

दुसऱ्या बाजूला मर्जीचे शब्द. ‘इनाम’ अरबी, अर्थ कृपा, अनुग्रह. ‘बक्षीस’ फारसी, ‘बख्शीदन’ म्हणजे देऊन टाकणं आणि माफ करणंसुद्धा. ‘प्राण बक्षले’ म्हणताना हाच दुसरा अर्थ येतो. हा शब्द आणखी मागे नेला तर इराणी आणि भारतीय भाषांच्या समाईक मुळाशी पोचतो: वाटणं, वाटा देणं या अर्थाच्या धातूशी. आपला ‘भाग’, आपलं ‘भाग्य’ त्याच धातूचे. म्हणजे बक्षीस आणि भाग हे दूरचे भाऊ. एकाच्या वाट्याला मर्जी आली, दुसऱ्याच्या वाट्याला हक्क.

मर्जीचा हा अर्थ कायद्यानेही पक्का केला आहे. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२च्या कायद्यात बक्षीस म्हणजे स्वखुशीने आणि मोबदल्याशिवाय दिलेली वस्तू; बक्षीसपत्र त्याचंच. पण वेटरला जी ‘बक्षिसी’ मिळते ती मोबदल्याशिवाय कुठे असते? दुपारी दीडच्या गर्दीत तो चार टेबलं सांभाळत असतो. एकाला पातळ भाजी हवी आहे, दुसऱ्याने कांदा-लिंबू दोनदा मागितलं आहे, तिसऱ्याचा पापड यायचा राहिला आहे, चौथा बिलासाठी हात वर करून बसला आहे. हे सगळं तो कागदावर न लिहिता डोक्यात ठेवतो आणि तिन्ही पदार्थ एका फेरीत आणतो. यापोटी बशीत पडलेल्या वीस रुपयांना मोबदला म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

आपल्या जुन्या पंगतीत हा प्रश्न आला नाही. वाढणारे घरचे, भावकीतले, आळीतले. वाढपी हे त्या घटकेपुरतं नाव. धार्मिक पंगतीत तर दक्षिणा जेवणाऱ्याला मिळे, वाढणाऱ्याला नाही. पैसे मोजून बाहेर जेवण्याची सवय लागली, वाढणारा अनोळखी झाला, तेव्हा त्याच्यासाठी ‘वेटर’ हा शब्द आणि त्याला द्यायच्या पैशासाठी ‘टिप’ हा शब्द, असे दोन्ही शब्द इंग्रजीतून घेतले गेले. मराठीत ‘टीप’ आधीपासून होती: शिंप्याची, ग्रंथातली, सनईच्या वरच्या सुरातली. नव्या टिपेचा त्यांच्याशी संबंध नाही.

इंग्रजी ‘टिप’ची एक गोष्ट फार पसरली आहे. लंडनच्या कॉफीगृहात एक पेटी असे, तिच्यावर ‘टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस’ असं लिहिलेलं असे, त्या आद्याक्षरांचा ‘टिप’ झाला, अशी ती गोष्ट. ती खरी नाही. आद्याक्षरं जुळवून शब्द घडवण्याची चाल मुख्यतः विसाव्या शतकातली आणि शब्द त्याहून कितीतरी जुना. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला चोर-भामट्यांच्या बोलीत ‘टिप’ हे क्रियापद होतं, अर्थ ‘दे, पुढे सरकव’. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत नोकराला वरून दिलेला पैसा या अर्थाने ते नाम झालं. खोट्या गोष्टीत पैसा आधी आणि चाकरी नंतर. खऱ्या इतिहासात नुसतं हळूच सरकवणं आहे. मराठीने ‘ठेवणं’ हे क्रियापद निवडून तो चोरटा सूर पुसला आणि व्यवहाराला थोडी अदब दिली, ही आपल्या भाषेची कमाई.

इतर भाषांनी या पैशाला पेयाचं नाव दिलं. फ्रेंचांचा ‘पूर्बवार’ म्हणजे पिण्यासाठी. जर्मनांचा ‘ट्रिंकगेल्ड’ म्हणजे पिण्याचा पैसा. पोर्तुगीज ‘गोर्जेता’ घशावरून आला. रशियनात त्याला चहाचा पैसा म्हणतात, आणि आपण ‘चहापाण्याला’ म्हणतो. इतक्या दूरदूरच्या भाषा एकाच कल्पनेवर आल्या, याचा अर्थ सरळ आहे. जेवण, भाडं, मुलांची फी या गोष्टी पगारातून भागतात असं गृहीत होतं. वरचा पैसा घोटभर चहाचा. तो पैसा चहापुरताच राहिला असता तर शब्दांना दोष देण्यासारखं काही नव्हतं.

तो चहापुरता राहिला नाही, याचं सर्वांत ठळक उदाहरण अमेरिका. तिथे यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीच्या झोपायच्या डब्यांत हमाल-सेवक म्हणून गुलामगिरीतून सुटलेले कृष्णवर्णीय नेमले गेले. पगार तुटपुंजा, बाकी प्रवाशांच्या टिपेवर. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी संघटना उभारली आणि बारा वर्षांच्या लढ्यानंतर कंपनीला करार करायला लावला. पण हॉटेलातल्या वेटरांची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. १९६६ मध्ये तिथल्या वेतन कायद्यात ‘टिप क्रेडिट’ आलं. त्यानुसार टिप मिळणाऱ्या नोकराला मालकाने द्यायची संघराज्याची किमान रक्कम १९९१ पासून ताशी २.१३ डॉलर आहे, आणि सर्वसाधारण किमान वेतन २००९ पासून ७.२५ डॉलर. मधली तफावत टिपेतून भरून निघते असं धरायचं. न निघाली तर मालकाने भरायची. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी ही सवलत ठेवलेली नाही. या ‘क्रेडिट’ शब्दापाशी थांबायला हवं. क्रेडिट म्हणजे जमा. टिप ग्राहकाच्या खिशातून निघते, वेटरच्या कष्टासाठी येते आणि हिशेबात जमा होते मालकाच्या देण्याखाली. त्या देशात राहणारे आपले लोक बिलावर अठरा-वीस टक्के लिहिताना बक्षीस देत आहेत असं त्यांना वाटत असेल. प्रत्यक्षात ते पगाराचा एक हिस्सा भरत असतात.

आपल्याकडे न्यायालयांनी ही रेघ स्वच्छ ओढली. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या १९७६च्या खटल्यात आणि पुन्हा २०१६ मध्ये आयटीसीच्या आयकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की टिपेचा पैसा ग्राहकाचा, मालकाचा नव्हे. मालकाच्या हातून तो वाटला गेला म्हणून पगार ठरत नाही. पुढे वाद ‘सर्व्हिस चार्ज’चा. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तो बिलात आपोआप लावायला मनाई केली, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मार्गदर्शक तत्त्वं योग्य ठरवली. ‘चार्ज’ म्हणजे आकार. आकार घ्यायचा असेल तर तो पदार्थाच्या किमतीत धरावा. खुशी आकारता येत नाही. मात्र या वादात ग्राहक बोलला, हॉटेलचालक बोलले. राहणं, दोन वेळचं जेवण आणि महिन्याला अमुक पैसे अशा बोलीवर राबणाऱ्या वेटरचा आवाज क्वचितच ऐकू आला.

त्याच्यासाठी सर्वांत नेमका शब्द कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. मुंबई विद्यापीठासाठी प्रा. र. पं. कंगले यांनी या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्यातल्या ‘धर्मस्थीय’ अधिकरणात नोकर-चाकरांच्या वेतनाचे नियम आहेत, आणि कारागीर, नट, वैद्य, परिचारक अशांचा एक गट तिथे येतो: आशाकारिक. आशेवर काम करणारे. आधी बोली न करता, काहीतरी मिळेल या भरवशावर राबणारे. कौटिल्य त्यांना देणाऱ्याच्या मर्जीवर सोडत नाही. तसंच काम करणाऱ्या दुसऱ्याला जितकं मिळतं तितकं, किंवा जाणकार ठरवतील तितकं त्यांना मिळावं, असा नियम तो घालतो, आणि जे मिळायचं त्याला तो वेतन म्हणतो. परिचारक म्हणजे सेवा करणारा, आजच्या वेटरचाच पूर्वज. त्याच्या आशेला दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथाने वेतनाचं नाव दिलं होतं. आपण मात्र आज त्याच्या वेतनाला आशेवर ठेवलं आहे.

गावगाड्यातही हे घडलं. बलुतं तत्त्वाने हक्काचं होतं, पण खळ्यावर सूप भरणारा हात दुसऱ्याचा होता, आणि त्या हाताच्या मर्जीने हक्काची भीक होऊ शकत होती. हक्काची रक्कम देणाऱ्याच्या मनावर सोडली की तिचं नाव काहीही असलं तरी घेणाऱ्याची मान खाली जाते.

म्हणून टिप जरूर ठेवावी. शक्य असेल तिथे रोख ठेवावी आणि कार्डावर देत असू तर ती वाढणाऱ्यापर्यंत पोचते का, हे गल्ल्यावर विचारावं. विचारण्यात कमीपणा नाही. पण टिप ठेवली म्हणजे आपण त्याचं पोट भरलं, असा समज करून घेऊ नये, आणि नोकरीवर घेताना ‘पगार कमी, पण टिप भरपूर’ असं सांगणाऱ्या मालकाचं ते बोलणं मान्य करू नये. अशा ठिकाणी टिप हा शब्द पगाराची जागा अडवून बसतो. वेतन ठरलेलं असावं, तारखेला व्हावं आणि त्यात वाढणाऱ्याचं घर चालावं. त्यानंतर बशीत जे ठेवलं जाईल, त्यालाच खुशी म्हणता येईल, कारण तेव्हा ठेवणाऱ्यावर ओझं नसेल आणि उचलणाऱ्याला त्याची वाट पाहावी लागणार नाही.