शाळेतल्या हिशेबाच्या वहीचा मागोवा

खानदेशात चाळीसगावजवळ पाटण नावाचं गाव आहे. आठशे वर्षांपूर्वी तिथे एक मठ उभा राहिला, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी. उभारणारा होता चांगदेव, भास्कराचार्यांचा नातू आणि यादव राजा सिंघणाच्या पदरचा ज्योतिषी. इ.स. 1207 च्या सुमारास कोरलेला त्या मठाचा शिलालेख आज अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे आणि शेवटचा तुकडा जुन्या मराठीत. त्या मराठी तुकड्यात येतो तो बाजार. पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावर मठासाठी कोणी काय द्यायचं, हे तिथे नोंदवून ठेवलंय. म्हणजे गणिताच्या या शाळेचा खर्च बाजारातून निघत होता, आणि त्या शाळेतलं गणितही बाजाराशी फटकून नव्हतं.

भास्कराचार्यांची ‘लीलावती’ 1150 ची. तिच्या आरंभी नाण्यांचं कोष्टक आहे: वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. पुढे व्याजाची उदाहरणं येतात, तीही दरमहा शेकडा पाचच्या दराने. मग मालाची अदलाबदल, आणि भागीदारी. तीन व्यापारी आहेत. भांडवल एकाचं 51, दुसऱ्याचं 68, तिसऱ्याचं 85. तिघांनी मिळून धंदा केला, हाती आले 300. प्रत्येकाचा वाटा किती? उत्तर 75, 100 आणि 125. सातवी-आठवीतल्या मुलाला हे आजही घालता येईल, आणि घालावंच. शेकडेवारीचं सूत्र पाठ असलेली पुष्कळ मुलं या उदाहरणापाशी अडतात, कारण भांडवल आणि हाती आलेली रक्कम यांत मधे नफा दडलेला आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

मराठी मुलखात मुलांना पैसा कसा शिकवला गेला, याचा माग काढायला निघालं की सुरुवात अशी भरभक्कम सापडते. पण ती विद्या होती मठातल्या थोड्यांची. गावोगाव पोचली ती तिची धाकटी बहीण, पंतोजीच्या शाळेतली उजळणी.

आज पन्नाशी ओलांडलेल्यांनीही पावकी-निमकीचे पाढे बहुधा आजोबांच्या तोंडूनच ऐकलेत. पाव, निम्मे, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, औट म्हणजे साडेतीन. या प्रत्येकाचा स्वतंत्र पाढा होता आणि तो रोज ओसरीवर खड्या सुरात म्हटला जाई. हे पाठांतर कशासाठी, ते त्या काळच्या नाण्यांकडे पाहिलं की कळतं. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. वजनात मणाचे चाळीस शेर. सगळा व्यवहार चतकोर-अर्ध्यांचा. गूळ अडीच आणे शेर असेल आणि सात शेर घ्यायचा असेल, तर अडीचकी येणारा मुलगा पाटीही न उचलता सांगे: साडेसतरा आणे, म्हणजे एक रुपया दीड आणा. दुकानात बसलेल्या मुलाला हे क्षणात यावं लागे, कारण गिऱ्हाईक समोर उभं असे. इतकं थेट बाजारासाठी घडवलेलं गणित त्यानंतर आपल्या शाळांत पुन्हा आलं नाही, असं माझं मत आहे.

मात्र त्या ओसरीवर बसत कोण होतं, हे विसरून त्या पाढ्यांचं कौतुक करता येत नाही. कुळकर्ण्याचा मुलगा, वाण्याचा, सोनाराचा. ज्यांच्या घरी वही होती, त्यांची मुलं वही शिकत. कुणब्याच्या मुलाला तिथे क्वचितच जागा मिळे. महार-मांगांच्या मुलांना आणि मुलींना नाहीच. जो नांगर धरत होता त्याच्या नावाचं खातं दुसऱ्याच्या हातच्या मोडीत लिहिलं जात होतं, आणि त्याखाली तो अंगठा उठवत होता.

याचा स्फोट झाला 12 मे 1875 रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात. बाजाराचा दिवस होता. जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली आणि शोधले ते कर्जरोखे, खतं, वह्या. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत हे लोण पसरलं. माणसं मारण्यापेक्षा कागद जाळण्यावर भर होता, ही या दंग्यांची ओळखच ठरली. स्वतःला वाचता न येणारी वही जाळण्यापलीकडे त्यांच्या हाती दुसरं काय होतं? सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. त्यात शेतकऱ्याने भरलेल्या पैशाची पावती आणि खात्याचा उतारा मागण्याचा हक्क होता. हक्क आला खरा, पण मिळालेली पावती वाचणार कोण?

तो प्रश्न जोतीराव फुल्यांनी बरोबर जागी नेऊन ठेवला. 19 ऑक्टोबर 1882 रोजी त्यांनी हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिलं. प्राथमिक शाळेत काय शिकवावं याची त्यांची यादी फार व्यवहारी आहे: मोडी आणि बाळबोध लिहिणं-वाचणं, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे काही धडे. शाळेला जोडून छोटी नमुन्याची शेती असावी, असंही ते सुचवतात. फुले स्वतः बांधकामाची कंत्राटं घेणारे उद्योजक होते; माल, मजुरी आणि बिलं त्यांच्या रोजच्या हाताखालची. मोडीवरचा त्यांचा भर मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण सावकाराचं खतपत्र आणि कुळकर्ण्याचं दप्तर मोडीत होतं. कुणब्याच्या मुलाला हिशेब शिकवायचा तो दुकान थाटायला नव्हे, आधी लुबाडला जाऊ नये म्हणून. या वळणावर मुलांच्या अर्थशिक्षणाचा हेतूच पालटला.

पुढची पिढी याच्याही एक पाऊल पुढे गेली. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराड तालुक्यातल्या काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं. सर्व जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत आणि काम करत. स्वयंपाक, झाडलोट, शेती, बांधकाम. ज्याला फी देता येत नाही त्याने घामाने द्यायची. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द पुढे इतके रुळले की आज विद्यापीठांच्या योजनांची नावंही तीच आहेत. भाऊरावांनी स्वतः किर्लोस्करांचे नांगर विकत गावं पालथी घातली होती. शेतकऱ्याच्या गळी लोखंडी नांगर उतरवणं किती कठीण, ते त्यांना ठाऊक होतं. विक्रेत्याचा हा अनुभव त्यांच्या शिक्षणात मुरलेला दिसतो. मदत मागायची तर बदल्यात काही द्यायचं, हा संस्कार वसतिगृहातल्या मुलांवर पुस्तकातून झाला नाही. आणि त्या वसतिगृहाचा संसार चालावा म्हणून लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने दिले, हेही जमेच्या बाजूला ठळक लिहून ठेवायला हवं.

वर्ध्याची गोष्ट थोडी वेगळी. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी तिथे राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींनी नयी तालीमची कल्पना मांडली: सगळं शिक्षण एखाद्या हस्तोद्योगातून, आणि मुलांच्या उत्पादनातून शिक्षकाचा पगार निघावा. झाकिर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम आखला. सूत कातताना चार फुटांची एक तार, अशा 640 तारांची एक गुंडी. मुलाने रोज किती कातलं, किती कापूस लागला, किती वाया गेला, याची नोंद ठेवायची. गुणाकार, सरासरी, दर असं सगळं गणित त्या टकळीभोवती फिरे. या मांडणीचं मोल मी फार मानतो, कारण इथे हिशेब हा वेगळा विषय उरला नव्हता. केलेल्या कामाची तो रोजनिशी होता.

पण शिक्षकाचा पगार मुलांच्या सुतातून, या कलमाला तेव्हाच कडाडून विरोध झाला. मुलांना राबवण्याचा हा नवा मार्ग ठरेल, ही भीती बोलून दाखवली गेली. झाकिर हुसेन समितीनेही उत्पन्नाच्या नादात शिक्षण बुडू नये असा इशारा दिला. ती भीती योग्यच होती. मुलाने काम करणं आणि मुलाच्या कामावर दुसऱ्याचं पोट चालणं, यांतली रेघ पुसू द्यायची नसते. आपल्याकडे वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या फडात, हॉटेलात टेबल पुसत लाखो मुलांनी पैसा आणि काम यांचा धडा घेतलाय, आणि त्या धड्याला शिक्षण म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

स्वातंत्र्यानंतर दोन गोष्टी घडल्या. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि पाठोपाठ शेर-मण जाऊन किलो आले. चार आण्यांचे पंचवीस पैसे जुळत होते, पण एका आण्याचे सव्वासहा, त्यामुळे काही वर्षं दुकानादुकानांत तक्ते टांगलेले असत. बदल हिताचाच होता. दशमान पद्धतीने हिशेब सगळ्यांना सोपा झाला. पण पावकी-दिडकीची गरज संपली आणि तिच्याबरोबर तोंडी व्यवहाराचा सरावही वर्गाबाहेर गेला. दुसरी गोष्ट बचतीची. योजनांचा काळ होता, देशाला भांडवल हवं होतं, आणि अल्पबचतीच्या चळवळीने शाळेत संचयिका आणली. पंचवीस-पन्नास पैसे भरायचे, लहानसं पासबुक, आणि काउंटरवर रोखपाल म्हणून वर्गातलाच एक विद्यार्थी. जमलेली रक्कम शाळेच्या नावाने पोस्टात किंवा बँकेत. मुलांनीच चालवलेली ही पेढी मोठी सुंदर कल्पना होती, पण ती पैसा साठवायलाच शिकवत होती. साठवलेला पैसा कामाला कसा लावायचा, हे पान त्या पासबुकात नव्हतं. त्या काळच्या मध्यमवर्गाला ते नकोही होतं. पोराने नोकरी धरावी, धंदा हे आपलं काम नव्हे, ही समजूत घराघरांत होती.

कोठारी शिक्षण आयोगाने कार्यानुभव सुचवला, मग समाजोपयोगी उत्पादक कार्य आलं. वेळापत्रकात तास आले, गुणही आले. बहुतेक शाळांत त्यांतून क्रेपच्या कागदाची फुलं निघाली, आणि ती विकत घेणारा कोणी नव्हता.

याला खणखणीत अपवाद शिरूर तालुक्यातल्या पाबळचा. डॉ. श्रीनाथ कालबाग हे हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून 1983 मध्ये तिथे गेले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांनी आखलेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम गावच्या हायस्कुलात आठवड्यातून एक दिवस चालतो: वेल्डिंग-सुतारकाम-बांधकाम, वीज आणि पर्यावरण, शेती-पशुपालन, आणि गृह-आरोग्य. मुलं गावातली खरी कामं घेतात. कुठे स्टूल बनवून देतात, कुठे वायरिंग दुरुस्त करतात. काम झालं की प्रात्यक्षिकाच्या वहीत खर्चाचा तक्ता भरायचा. साहित्य किती, त्याचा दर काय, मजुरी किती, एकूण किंमत किती. गिऱ्हाईक गावातलंच असल्याने स्टूल डुगडुगलं तर दुसऱ्या दिवशी परत येतं. भाऊरावांचं श्रममूल्य आणि वर्ध्याची नोंदवही इथे एकत्र आली, आणि शिवाय बाजारभावही आला.

आता जिल्हा परिषदेच्या शाळांतला बाल आनंद मेळावा. कुठे त्याला आनंद बाजार म्हणतात, कुठे बालबाजार. मैदानात चुन्याने आखलेले गाळे, पोत्यावर मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या, भेळ, ताक, उकडलेल्या शेंगा. गाव लोटतं, पालक हौसेने घेतात, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात अमुक हजारांची उलाढाल झाल्याची बातमी येते. मला हे मेळावे मनापासून आवडतात. एरवी वर्गात तोंड न उघडणारी मुलगी इथे ‘घ्या काकू, ताजी आहे’ म्हणून हाक घालते, दहाची नोट घेऊन तीन रुपये अचूक परत करते. अडीचकीचा वारसा इथे पुन्हा दिसतो.

पण वही दिसत नाही. समजा भेळेचा गाळा आहे. साठ प्लेटा दहा रुपयांनी गेल्या, गल्ल्यात 600 आले, आणि मुलगा घरी सांगतो की मी सहाशे कमावले. आता खर्च मांडा. चुरमुरे 120, फरसाण 200, कांदा-टोमॅटो-कोथिंबीर 80, चिंच-गूळ 50, प्लेटा 50. झाले 500. उरले शंभर. आणि आदल्या रात्री तीन तास बसून कांदा कोणी चिरला, चटणी कोणी वाटली? आईने. तिच्या तीन तासांचे शंभर रुपये धरले, तर गाळ्याचा नफा शून्य. हे कळल्याने मुलगा खट्टू होईल असं काहींना वाटतं. मला नाही वाटत. दहाची प्लेट बाराला विकता आली असती का, फरसाण थोडं कमी घालता आलं असतं का, कांदा आपण स्वतः चिरावा का, हे विचार त्या शून्यापाशीच सुरू होतात.

लीलावतीतल्या तीन व्यापाऱ्यांपासून पासबुकापर्यंत आईची मजुरी कोणत्याच हिशेबात आलेली नाही. सावकाराच्या वहीत कुणब्याचा घाम नव्हता, तसाच घरच्या वहीत तिचा नाही. म्हणून शिक्षक मंडळींना माझी विनंती आहे: यंदाच्या मेळाव्यात प्रत्येक गाळ्यावर एक दोनशेपानी वही ठेवा. खर्च आधी लिहून घ्या, विक्री मागून. घरून आलेल्या वस्तूंची किंमत लावा, आई-आजीचे तास लिहा आणि त्यांची मजुरी मुलाच्या हाताने त्यांना द्यायला लावा. पैसे पुरले नाहीत तर बाकी मांडून ठेवा. बातमीसाठी उलाढालीचा आकडा लागेलच. शेजारी नफ्याचाही द्या, मग तो कितीही लहान असो.