बॉम जेझूचा गिलावा

युरोपांत विद्या व कला यांच्या पुनरुज्जीवनाचा जो काळ मानला जातो, त्याच्या वास्तुकलेची एक शाखा आपल्या शेजारींच, जुन्या गोव्यांत, उभी आहे. जेसुइट संघाच्या बॉम जेझू या मंदिराचा पाया २४ नोव्हेंबर १५९४ रोजीं घातला गेला. १५ मे १६०५ रोजीं आर्चबिशप मेनेझिश यांच्या हस्तें त्याची प्रतिष्ठा झाली. १६२४ पासून संत फ्रान्सिस झेवियर यांचा देह येथें आहे. त्याखालील संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सच्या फोजिनी या शिल्पकारानें घडविला असून तो १६९८ मध्यें बसविण्यांत आला.

मंदिराचें मुख एकावर एक अशा मजल्यांचें असून त्यावर प्राचीन ग्रीक व रोमन धर्तीचे स्तंभ आहेत. त्या स्तंभांचा काळा दगड वसईचा. जी वसई चिमाजीअप्पांनीं १७३९ मध्यें घेतली, तिचा दगड त्यापूर्वींच गोव्याच्या या मुखावर चढला होता!

भिंती मात्र जांभ्याच्या. आज त्या उघड्या, तांबूस दिसतात आणि तेंच त्यांचें प्राचीन रूप, असें प्रवाशास सहज वाटतें. वस्तुस्थिति उलट आहे. बांधणाऱ्यांनीं या भिंतींवर चुन्याचा गिलावा दिला होता. तो विसाव्या शतकाच्या मध्यास, पोर्तुगीज अमलांतच, जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं खरवडून काढण्यांत आला. वास्तु जुनी दिसावी या हौसेनें तिचें खरें जुनें रूपच नष्ट झालें.

हा प्रश्न केवळ रुचीचा नाहीं. जांभा सच्छिद्र असतो. कोंकणपट्टीचा पाऊस तो शोषून घेतो आणि हळूहळू झिजतो. सोलापुराजवळील वळसंगासारख्या गांवीं ज्यांनीं माळवदाच्या घरांत दिवस काढले, त्यांस हें निराळें सांगावयास नको. पावसाळ्यापूर्वीं भिंत लिंपणें हा तेथें शृंगार नसून संरक्षण असतें.

१९८६ मध्यें युनेस्कोनें गोव्याच्या या चर्चांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यानंतर गिलावा पुन्हां द्यावा कीं नाहीं, यावर वाद झाले. उघड्या भिंतीची आतां लोकांस संवय झाली आहे, हा एका पक्षाचा मुद्दा अगदींच टाकाऊ नव्हे. परंतु सत्तर वर्षांची संवय मोठी, कीं साडेतीन शतकें भिंतीस राखणारा चुना मोठा? आमच्या मतें, संवय बदलतां येते. झिजलेला दगड परत आणतां येत नाहीं.