आलेख कागद वर्गात आला कसा

बीजगणितात आलेखाचे प्रकरण सुरू झाले की रेने देकार्तचे नाव आणि १६३७ हे साल हमखास निघते. त्या वर्षी लायडनमध्ये छापलेल्या ‘ला जेओमेत्री’ने वक्ररेषा आणि समीकरण यांची सांगड घातली, हे खरेच. पण समीकरणावरून निर्देशकांचा तक्ता करायचा, चौकटीच्या कागदावर बिंदू मांडायचे आणि पट्टीने जोडायचे, हा आज प्रत्येक मूल गिरवते तो धडा देकार्तचा नाही. तो जेमतेम सव्वाशे वर्षांचा आहे, आणि तो वर्गात आणण्यात सर्वांत मोठा वाटा अभियंत्यांचा आहे.

यावर आक्षेप येईल की कल्पना सापडली तेव्हाच धडाही जन्माला आला. तसे मानता येत नाही. देकार्तच्या पुस्तकात काटकोनात छेदणारे दोन अक्ष आखलेले नाहीत आणि ऋण निर्देशकांना जागा नाही. दोन अज्ञातांच्या एकघाती समीकरणातून सरळ रेषा मिळते, हे त्याच काळात पिएर द फर्मा याने स्पष्ट लिहिले. पण त्याचा तो निबंध छापून निघाला १६७९ साली, त्याच्या मृत्यूनंतर १४ वर्षांनी. दोघांचाही रोख भूमितीच्या जुन्या कूटप्रश्नांवर होता, मुलांनी बिंदू मांडण्यावर नव्हता. छापील चौकटींचा कागद इंग्लंडमध्ये १७९० च्या दशकात मिळू लागला, तरी पुढची शंभरेक वर्षे तो शाळेच्या दप्तरात शिरला नाही. तिथे युक्लिडची प्रमेये ठरलेल्या क्रमाने पाठ करण्याचे राज्य होते.

ते मोडायला निघालेल्यांत जॉन पेरी हे अभियंते आघाडीवर होते. तोक्योच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि नंतर लंडनमध्ये शिकवताना त्यांनी चौकटीचा कागद विद्यार्थ्यांच्या हाती दिला. त्यांच्या पद्धतीचा नमुना म्हणजे वजन उचलण्याच्या यंत्राचा प्रयोग. समजा, २० किलोचा भार उचलायला ७ किलोचा जोर लागला, ४० ला १२ आणि ६० ला १७. हे तीन बिंदू मांडले की एका रेषेत बसतात. पण ती रेषा आरंभबिंदूतून जात नाही, उभ्या अक्षाला २ वर छेदते. भार शून्य असतानाही २ किलोचा जोर लागतोच, कारण यंत्रातले घर्षण तेवढे खाते. समीकरणातला स्थिरांक असा हाताला लागतो. १९०१ साली ग्लासगोला ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेच्या अधिवेशनात पेरींनी गणिताच्या शिक्षणावर घणाघात केला. १९०३ मध्ये केंब्रिजने आपल्या परीक्षेतली युक्लिडच्या क्रमाची सक्ती सोडली. आपल्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेलेल्या ‘हॉल अँड नाइट’ या बीजगणिताच्या पुस्तकाच्या लेखकांपैकी हॉल यांनी याच सुमारास आलेखांवर स्वतंत्र पुस्तिका काढली.

शुद्ध गणिताच्या कैवाऱ्यांचा आक्षेप मात्र वजनदार आहे. पेन्सिलीच्या रेषेला जाडी असते. दोन रेषांचा छेदबिंदू एक तृतीयांशावर असेल तर तो कागदावरून नेमका वाचता येत नाही, उलट लोप पद्धतीने उत्तर चोख मिळते. हे मान्यच करायला हवे. पण आलेख वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देतो. मोजलेल्या राशींमध्ये रेषीय संबंध आहे का, कोणता बिंदू रेषेबाहेर पडून मोजमापातली चूक दाखवतो, हे त्यात दिसते. दोन समीकरणांना उकल का नाही, हे समांतर रेषा एका नजरेत सांगतात. अचूकता बीजगणिताने द्यावी, अर्थ आलेखाने.

म्हणूनच आजच्या वर्गाबद्दल तक्रार करावीशी वाटते. आपण पेरींचा कागद ठेवला आणि त्यांचा प्रयोग गाळला. तयार समीकरण, तीन बिंदू, एक रेषा आणि पैकीच्या पैकी गुण, एवढ्यावर प्रकरण संपते. स्प्रिंगला वजने टांगून तिची लांबी मोजणे कोणत्याही शाळेला परवडते. त्या मोजमापांतून मुलांनी समीकरण स्वतः शोधावे आणि मगच पुस्तकातली समीकरणे काढायला घ्यावीत. हा धडा वर्गात आला तोच या क्रमाने, आणि समजतोही तो याच क्रमाने.