पारदर्शक व रंजित ध्वनी

ध्वनिमुद्रणाच्या साधनांची पारख करताना पारदर्शकता म्हणजे आलेला ध्वनी पदरची भर न घालता पुढे सोपविण्याची यंत्राची पात्रता, आणि रंजन म्हणजे त्याच ध्वनीवर उमटलेला यंत्राच्या घडणीचा ठसा, असा भेद करतात. सर्वथा पारदर्शक यंत्र अस्तित्वात नाही. १९२५ पूर्वीच्या, विजेवाचून होणाऱ्या मुद्रणात तर कर्ण्यातून सुमारे २५० ते २,५०० हर्ट्‌झ एवढ्याच कंप्रता तबकडीवर उतरत, आणि १९०२ साली कलकत्त्यात मुद्रित झालेले गौहरजान यांचे गायन आज कानी पडते तेही कर्ण्याच्या अनुनादासकटच.

विजेच्या साधनांत रंजन मंडलाच्या घटकांतून येते. ट्रान्सफॉर्मरचा लोहगाभा प्रबळ खर्जाने संपृक्त होऊ लागला की मुख्यतः तिसरा संनादी, म्हणजे मूळ कंप्रतेच्या तिप्पट कंप्रतेचा उपस्वर, उपजतो. ट्रायोड व्हॉल्व्हच्या साध्या मंडलात दुसऱ्याचे प्राबल्य असते. मूळ स्वर मध्य षड्ज धरला, तर दुसरा संनादी तार षड्ज व तिसरा तार पंचम ठरतो, आणि म्हणूनच अल्प प्रमाणातील हे विरूपण कानाला दोष न वाटता भरीवपणा वाटते. न्यूमन यू ४७ (१९४९) हा व्हॉल्व्हचा मायक्रोफोन आणि रूपर्ट नीव्ह यांचा, आत-बाहेर दोन्हीकडे ट्रान्सफॉर्मर असलेला १०७३ प्रीॲम्प (मायक्रोफोनचा पूर्ववर्धक, १९७०) यांची कीर्ती अशा रंजनावरच उभी आहे. उलटपक्षी, लहान पडद्याचा सर्वदिश मायक्रोफोन व ट्रान्सफॉर्मरविरहित प्रीॲम्प ही जोडी पारदर्शकतेसाठी योजतात. एकदिश मायक्रोफोन गायकाच्या तोंडाशी नेला की खर्ज फुगतो, तो दोष सर्वदिशात नसतो.

तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखालचा सुती दोरा केसभर सरकवून जी जवारी खुलवितात, तिचे सारे वैभव उपस्वरांत असते. त्यांत यंत्राचे संनादी मिसळले, म्हणजे अस्सल कोणते आणि उपरे कोणते याचा निवाडा पुढे कोणालाही करता येत नाही. पारदर्शक मुद्रणावर रंग मागाहून चढविता येतो, चढलेला मात्र पुरता उतरविता येत नाही. सबब ख्यालगायनाचा दस्तऐवज राखावयाचा असेल, तेथे पारदर्शक साधनेच योग्य होत. तालवाद्यप्रधान चित्रपटगीतात किंवा रॉक संगीतात हा निर्बंध लागू नाही. तेथे रंजन हा रचनेचाच भाग असतो.

मायक्रोफोनची जात व त्याची मांडणी बदलल्याने ध्वनीत जेवढा फेरफार होतो, तेवढा दोन चांगल्या प्रीॲम्पमध्ये बहुधा आढळत नाही. नव्याने साहित्य घेणाऱ्याने द्रव्य प्रथम मायक्रोफोन आणि खोलीतील प्रतिध्वनीचा बंदोबस्त यांवर खर्चावे. रंजित प्रीॲम्प ही दुसऱ्या खरेदीची बाब होय.