तृतीय रत्न आणि शाळेचे कपाट

नागपूर–हावडा लोहमार्गावरील 'भंडारा रोड' हे स्थानक भंडारा शहरात नाही, ते वरठीत आहे. मोहाडी तालुक्यातील हे गाव बाहेरच्या प्रवाशाला ठाऊक असते ते या स्थानकामुळे आणि पोलादाच्या कारखान्यामुळे. या परिसरातील एका शाळेत ग्रंथालयाची दाखल नोंदवही चाळण्याचा योग मध्यंतरी आला. ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतील दोन लोखंडी कपाटे. नोंदवही मात्र व्यवस्थित होती. दाखल क्रमांक, दिनांक, ग्रंथाचे नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठे, किंमत आणि शेरा असे तिचे रकाने होते. पुस्तक कोणी निवडले आणि का निवडले, यांसाठी रकाना नव्हता. शेऱ्याच्या रकान्यात पानामागून पान एकच नोंद होती: 'योजनेतून प्राप्त'.

हा न आखलेला रकाना त्या एका शाळेची चूक नव्हे. मराठीत विद्यार्थ्यांसाठी आणि सामान्य वाचकांसाठी पुस्तके पारखण्याची जी सरकारी रीत एकोणिसाव्या शतकात रूढ झाली, तिच्या प्रारंभापासूनच तो गहाळ आहे. साहित्याच्या अभ्यासकांना तो प्रारंभ दक्षिणा प्राइझ कमिटीच्या नावाने परिचित आहे. परंतु वाङ्मयेतिहासात ही कमिटी बहुधा 'ग्रंथनिर्मितीस उत्तेजन' अशा मथळ्याखाली येते. ती निवडीची, म्हणजे पर्यायाने नकाराचीही यंत्रणा होती, हे सहसा अधोरेखित होत नाही.

पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा होती. १८१८ नंतर कंपनी सरकारने ती एकदम मोडली नाही. रक्कम हळूहळू कमी करीत तिचा काही भाग १८२१ मध्ये पुण्यात निघालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळवला. १८४९ मध्ये पुण्यातील सुधारणावाद्यांनी सरकारकडे अर्ज केला, की या निधीतील काही पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ रचणाऱ्यांना मिळावा. लोकहितवादी या खटपटीत होते, आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेणाऱ्या त्या अर्जदारांच्या पाठीशी तरुण जोतीराव फुले उभे राहिले, असे चरित्रकार सांगतात. अर्ज फळास आला. लेखकाने हस्तलिखित पाठवावे, परीक्षकांनी ते पारखावे आणि पसंत पडल्यास बक्षीस द्यावे, अशी व्यवस्था रूढ झाली. ज्या काळात मराठी पुस्तकाचा खात्रीचा ग्राहक म्हणजे मुख्यतः विद्याखाते आणि त्याच्या शाळा, त्या काळात अशा पसंतीला केवढे मोल असेल याची कल्पना वाचकांनी करावी.

ज्या अर्जदारांना फुल्यांनी साथ दिली, त्यांच्या मागणीतून साकारलेल्या कमिटीपुढे सहा वर्षांनी ते स्वतः लेखक म्हणून गेले. १८५५ मध्ये त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते स्वीकारले नाही. याची हकीगत त्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त दिली आहे. भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असा तिचा आशय. पुढे ते नाटक बाजूला पडले ते जवळजवळ सव्वाशे वर्षे. १९७९ मध्ये 'पुरोगामी सत्यशोधक' या नियतकालिकातून ते प्रथम प्रसिद्ध झाले, आणि नंतर शासनानेच छापलेल्या समग्र वाङ्मयात त्याला स्थान मिळाले.

नाटकाचे कथानक पाहिले म्हणजे या विलंबाची बोच अधिकच जाणवते. एक गरोदर कुणबीण आणि तिचा नवरा ग्रहदशेच्या भीतीने जोशीबुवाच्या हाती सापडतात, कर्ज काढून ब्राह्मणभोजन घालतात. पाद्री त्यांच्याशी वाद घालतो आणि विदूषक मधूनमधून टोमणे मारीत राहतो. शेवटी ते जोडपे निश्चय करते तो जोतीराव आणि सावित्रीबाई यांच्या रात्रीच्या शाळेत शिकायला जाण्याचा. शाळेच्या दारात संपणारे हे नाटक शाळेच्या आत पोहोचू शकले नाही. आधुनिक मराठी नाटकाचा आरंभ कोठून धरावा हा वाद आपण वर्गात हिरिरीने घालतो. वास्तविक १८५५ मध्ये हे नाटक छापले गेले असते आणि चार गावांच्या शाळांत वाचले गेले असते, तर तो वाद वेगळ्या पायावर उभा राहिला असता.

कमिटीची बाजूही विचारात घेतली पाहिजे. नाटकात एका वर्गाच्या उपजीविकेवर थेट आघात आहे, पाद्र्याच्या तोंडी उपदेश आहे, आणि धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे सरकारचे धोरण होते. यातील एखादे कारण सांगून नकार दिला गेला असता, तर त्या कारणाशी भांडता आले असते, फुल्यांना आणि पुढे आपल्यालाही. आज मात्र या प्रसंगाचा विचार आपण करतो तो नाकारलेल्याच्या कथनावरून. नाकारणाऱ्यांचा युक्तिवाद वाङ्मयेतिहासात आलाच नाही.

दक्षिणा प्राइझ कमिटी बक्षिसापुरती होती. शाळेतल्या पुस्तकाची नित्याची पारख विद्याखात्याच्या भाषांतरकारांकडे असे. मेजर टॉमस कँडी यांचे नाव येथे टाळता येत नाही. मराठी क्रमिक पुस्तकांच्या भाषेवर त्यांनी दीर्घकाळ हात फिरवला. मराठीला विरामचिन्हांची शिस्त लावण्याचे श्रेयही त्यांच्याकडेच जाते. १८६६ मध्ये काही काळ न्यायमूर्ती रानडे (तेव्हा न्यायमूर्ती व्हायचे होते) याच खात्यात मराठी भाषांतरकाराचे काम पाहत होते. त्याच सुमारास विद्याखात्याचे संचालक अलेक्झांडर ग्रँट यांनी १८६४ अखेरपर्यंतच्या देशी प्रकाशनांची सूची सिद्ध केली, आणि १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाची नोंदणी सक्तीची झाली. काय छापले जाते हे सरकारला आता तिमाहीगणिक कळू लागले. रानड्यांनी पुढे १८९८ मध्ये मराठी वाङ्मयाच्या वाढीवर जे टिपण लिहिले, त्याचा आधार याच नोंदी होत्या. पाळत ठेवण्यासाठी केलेली यादी साहित्याच्या इतिहासाचे साधन बनते, हा प्रकार आपल्याकडे जरा अधिकच घडलेला आहे.

निवडीचा काटा कोणावर उलटेल याचा मात्र नेम नव्हता. फुल्यांच्या लेखनाची 'निबंधमाले'तून कठोर, व्याकरणाच्या चुका मोजणारी टवाळी करणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर स्वतः 'शालापत्रका'चे संपादक होते. हे मासिक शिक्षणाशी आणि शाळाखात्याशी संबंधित. त्यातील टीका खात्याला खपली नाही आणि १८७५ मध्ये ते बंद पडले. विष्णुशास्त्री १८८२ मध्ये वारले, तरी त्यांच्या 'आमच्या देशाची स्थिती' या निबंधावर १९१० च्या वृत्तपत्र कायद्याखाली जप्ती आली. ती उठली १९३७ मध्ये, प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आल्यावर. फुले आणि चिपळूणकर ही दोन नावे आपण परस्परविरोधी प्रवाहांची म्हणून शिकवतो, आणि ते बरोबरच आहे. पण नाकारले जाण्याच्या अनुभवात ती एका ओळीत येतात, हेही विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे.

येथवरची हकीगत पुण्या-मुंबईची झाली. वरठीची शाळा तेव्हा दुसऱ्याच राज्यव्यवस्थेत होती. नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला आणि भंडारा जिल्हा त्यात राहिला. प्रांताची राजधानी नागपूर, शासकीय व्यवहारात हिंदीचा वरचष्मा, आणि मराठी पुस्तकाची प्रमाणभाषा मात्र पुण्यात घडलेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. म्हणजे अवघ्या चार वर्षांत येथील शिक्षकाच्या दृष्टीने पुस्तकाविषयीचा अंतिम शब्द नागपूरहून मुंबईला आणि पुण्याला गेला. २७ जानेवारी १९६७ रोजी बालभारती स्थापन झाली आणि पाठ्यपुस्तक साऱ्या राज्यात एक झाले.

बालभारतीने मराठी मुलांसाठी जे केले त्याचा अनादर करण्याचे कारण नाही; १९७१ पासूनचे 'किशोर' मासिक हा तर आमच्या पिढीचा ठेवाच आहे. तथापि पाठ्यपुस्तक सर्वांसाठी एक असणे समजण्यासारखे असले, तरी शाळेच्या कपाटातील पुस्तके सर्वत्र एकच असण्याला तसे कारण नाही. कपाट हे त्या गावच्या मुलांचे. पूर्व विदर्भात झाडीबोली बोलली जाते. तिच्यात 'ण' आणि 'ळ' नाहीत. मूल घरी 'पानी' म्हणते आणि शाळेत 'पाणी' लिहायला शिकते. ग्रिअर्सनने भाषासर्वेक्षणाच्या १९०५ च्या खंडात या भागातील मराठीचे नमुने नोंदवले. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले, तिचा शब्दकोश सिद्ध केला, दंडारीसारख्या लोकनाट्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. मी पाहिलेल्या त्या नोंदवहीत झाडीबोलीतले एकही पुस्तक नव्हते. ते कोणी मुद्दाम वगळले असेल असे मला वाटत नाही. ज्या टेबलावर यादी झाली, तेथे ते आलेच नसेल.

यादी कशी होते? सार्वजनिक ग्रंथालयांसाठी ग्रंथालय संचालनालय शासनमान्य ग्रंथांची यादी काढते. शाळांकडे पुस्तके येतात ती प्रामुख्याने योजनांतून: १९८७ मध्ये आलेली खडू-फळा मोहीम, २००१ पासूनचे सर्व शिक्षा अभियान, २०१८ पासूनचे समग्र शिक्षा अभियान. या शेवटच्या योजनेत ग्रंथालयासाठी शाळेच्या स्तरानुसार वर्षाला पाच ते वीस हजार रुपयांची तरतूद ठेवण्यात आली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांवरील ग्रंथ असलेले ग्रंथालय असावे, असे म्हटले आहे. खरेदी वरच्या पातळीवर झाली की प्रकाशकाने नमुनाप्रत द्यायची, समितीने पाहायची, संचाची मागणी नोंदवायची आणि गठ्ठे तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून केंद्रशाळेत व तेथून गावच्या शाळेत, असा प्रवास होतो. या साखळीत शिक्षकाची भूमिका पोच देण्याची असते.

एवढ्या मोठ्या प्रमाणावर निवड झाली की चूकही त्याच प्रमाणात पसरते. २०१८ मध्ये सर्व शिक्षा अभियानातून पूरक वाचनासाठी शाळांना दिलेल्या एका पुस्तकातील संभाजी महाराजांविषयीच्या मजकुरावरून मोठा वाद उसळला आणि पुस्तक परत घेण्याची पाळी खात्यावर आली. मजकूर आक्षेपार्ह होता की नाही, हा प्रश्न घटकाभर बाजूस ठेवू. पुस्तक निवडणाऱ्यांनी ते कोणत्या निकषांवर घेतले, आणि आक्षेपानंतर ते नव्याने वाचले का, ही चर्चा त्या गदारोळात फारशी झाली नाही. पुस्तक आले योजनेतून आणि गेले आदेशातून. दोन्ही वेळा शाळेने पोच दिली.

अमेरिकेतही शाळेच्या ग्रंथालयांवरून वाद होतात, किंबहुना आपल्यापेक्षा अधिक. तेथील आयलंड ट्रीज या शाळामंडळाने रिचर्ड राइट यांच्या 'ब्लॅक बॉय'सह काही पुस्तके काढून टाकली, तेव्हा विद्यार्थीच न्यायालयात गेले. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमतातील काही न्यायमूर्तींनी असे मत मांडले, की शाळामंडळाला ग्रंथालयाबाबत विवेकाधिकार असला, तरी केवळ विचार पटत नाहीत म्हणून पुस्तके काढता येणार नाहीत. निकाल एकमताचा नव्हता आणि त्याने वाद मिटले असेही नाही. माझ्या मुद्द्यासाठी महत्त्वाचे आहे ते इतकेच, की मंडळाला आपली कारणे उघड मांडावी लागली. 'ब्लॅक बॉय'च्या जागी 'बलुतं' कल्पून पाहावे. आपल्या एखाद्या माध्यमिक शाळेतून ते निघाले, तर कोणाला कळेल? मुळात ते आत होते की नव्हते, हेही विचारावे लागेल.

पुन्हा वरठीकडे येतो. त्या नोंदवहीच्या अखेरीस आणखी एक शब्द भेटला: निर्लेखन. पुस्तक फाटले, हरवले, जुने झाले की ते साठ्यातून कमी करण्याची ही कार्यालयीन रीत. साठा तपासणीच्या वेळी नोंदवही आणि कपाट जुळले पाहिजे; न जुळल्यास जबाबदारी ज्याच्याकडे कपाटाची किल्ली त्याची. विद्यार्थिसंख्या पुरेशी नसल्याने पूर्णवेळ ग्रंथपाल नाही. किल्ली एका शिक्षकाकडे, आणि त्याच्याकडे दोन वर्ग. मुलांच्या हाती पडलेले पुस्तक झिजणार, त्याची पाने सुटणार, एखादे घरीच राहणार. हिशेबाच्या भाषेत ही सारी तूट. न वाचलेले पुस्तक मात्र कधीही तुटीत येत नाही. आपल्याकडे शाळेच्या पातळीवर पुस्तकांचे जे काही पुनरावलोकन होते ते या तपासणीत, आणि त्यात पुस्तक उघडावे लागत नाही.

त्या शिक्षकांनी एक गोष्ट आपणहून केली होती. कपाटाच्या दाराला आतून एक शंभर पानी वही सुतळीने बांधली होती. पुस्तक परत करताना मुलाने त्यात एक ओळ लिहायची, आवडले की नाही आणि का. बऱ्याच ओळी 'छान आहे' एवढ्याच होत्या. काही मात्र थांबवणाऱ्या होत्या. एका मुलीने लिहिले होते की या पुस्तकातली आजी आमच्या आजीसारखी बोलत नाही. दुसऱ्या एकाने भुताच्या गोष्टी अजून आणा म्हणून बजावले होते. वहीला शासकीय नमुना क्रमांक नव्हता, साठा तपासणीत ती मोजली जात नव्हती. मी विचारले, ही पुस्तके मागवणाऱ्यांपर्यंत कधी पोहोचते का? ते हसले, दार लावले आणि किल्ली खिशात टाकली.