जीवनशाळा : मान्यतेचा वाद

जीवनशाळा म्हणजे सातपुड्यात नर्मदाकाठच्या आदिवासी पाड्यांवर नर्मदा बचाओ आंदोलनाच्या पुढाकाराने चालणाऱ्या निवासी प्राथमिक शाळा. चिमलखेडी (ता. अक्कलकुवा) आणि निमगव्हाण (ता. अक्राणी) येथील शाळा 1990 च्या दशकाच्या सुरुवातीच्या. हा भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता, 1 जुलै 1998 पासून नंदुरबारमध्ये आहे. सरकारी शाळा कागदावरच आहेत, गुरुजी डोंगर चढून येत नाहीत, ही पाड्यांची तक्रार होती. गावाने श्रमदान केले, तिथलेच तरुण गुरुजी झाले आणि मुले आपल्या बोलीतून शिकत मराठीकडे आली. सरदार सरोवर धरणाच्या फुगवट्यात काही शाळा बुडाल्या. त्या वर सरकून पुन्हा उभ्या राहिल्या.

1 एप्रिल 2010 ला शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि अशा सगळ्याच शाळांपुढे मान्यतेचा प्रश्न आला. कलम 18 नुसार मान्यतेविना शाळा चालवल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पुढेही चालू ठेवल्यास रोज दहा हजारांपर्यंत. मान्यतेसाठी पक्की इमारत, कुंपण, मैदान आणि पात्रताधारक शिक्षक लागतात. धरणाच्या कडेला, डोंगरउतारावर हे मोजमाप लावणे अन्यायाचे आहे. शिकवण्याचे माध्यम शक्यतो मातृभाषा असावे, असे याच कायद्याचे कलम 29 सांगते आणि जीवनशाळांनी ते कायद्याच्या कितीतरी आधी केले. तरीही देखरेख नको, असे म्हणता येत नाही. लहान मुले घरापासून दूर राहतात, तेव्हा त्यांचे जेवण, आजारपण आणि सुरक्षितता कोणीतरी बाहेरून पाहिलीच पाहिजे.

नियम सैल करून देखरेख ठेवण्याचे प्रयत्न इतरत्र झाले आहेत. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने 1991 मध्ये चार्टर शाळांचा पहिला कायदा केला. तिथे सरकारी पैसा मिळतो, नियमांतून सूट मिळते आणि त्या बदल्यात निकालाचा करार असतो. घरून शिकवणाऱ्या काही चार्टर शाळांतील पटसंख्येचे गैरव्यवहार उघड झाल्यावर कॅलिफोर्नियाने 2019 मध्ये तशा नव्या शाळांना स्थगिती दिली. जीवनशाळा लोकवर्गणीवर चालतात, त्यामुळे त्यांच्याकडून पैशापेक्षा शिकण्याचा हिशेब मागणे रास्त ठरते. नर्मदेच्या पैलतीरावरील गुजरातने 2012 च्या नियमांत चालू खासगी शाळांच्या मान्यतेसाठी 70 टक्के भार मुलांच्या शिकण्यावर आणि प्रगतीवर ठेवला, सुविधांवर अवघा 15 टक्के. महाराष्ट्राने हा मार्ग घ्यायला हवा होता.