आगाऊ भरलेले जेवण

परमुलखातील सागरतीरावर सहकुटुंब आठपंधरा दिवस घालवण्याची हौस इंग्लंडातील सामान्य गृहस्थास परवडू लागली, याचे श्रेय विमानाला देण्याचा प्रघात आहे. माझ्या मते त्यातील निम्मे श्रेय तरी जेवणाचा आकार घर सोडण्यापूर्वीच ठरवून टाकणाऱ्या व्यवस्थेस दिले पाहिजे. भाडे काय, एकदा भरले की सुटले. पण अनोळखी गावात, अनोळखी चलनात, भुकेलेली मुले बरोबर घेऊन रोज दोनतीन वेळा उपाहारगृहाची पायरी चढणे भल्याभल्या कमावत्या माणसालाही धास्तावून सोडते.

ही धास्ती परदेशगमनाहून जुनी आहे. लँकेशायरच्या कापडगिरण्यांतील कामगार सुटीसाठी ब्लॅकपूलला उतरत, तेव्हा तेथील घरमालकिणी बहुधा केवळ खोलीचे भाडे घेत. मांस, बटाटे, चहा हा जिन्नस बिऱ्हाडकरूने बाजारातून आणून द्यावयाचा आणि मालकिणीने प्रत्येक कुटुंबाचे अन्न वेगवेगळे शिजवून त्याच्या पुढ्यात ठेवावयाचे, अशी वहिवाट होती. एकाच चुलीवर चारपाच बिऱ्हाडांचे मांस कसे ओळखून काढीत असतील, ते त्यांचे त्याच जाणोत! हिशेबाच्या कागदावर मात्र टेबलावरच्या मीठ-मिरीच्या वापराबद्दलही निराळी रक्कम लावणाऱ्या मालकिणी होत्या, आणि त्यावरून त्यांची यथेच्छ थट्टाही होत असे.

1950 साली व्लादिमीर राइट्स या लंडनवासी तरुणाने कॉर्सिका बेटावरील काल्व्ही येथे तंबूंची छावणी घेऊन ‘होरायझन’ कंपनीची पहिली सहल नेली. सरकारी परवाना केवळ शिक्षक व विद्यार्थी यांच्यापुरता मिळाला होता. विमानभाडे, मुक्काम आणि भोजन मिळून आकार 32 पौंड 10 शिलिंग होता; दिवसातून दोनदा मांस आणि वर स्थानिक मद्य, हे त्या सहलीचे मोठे आकर्षण होते. ब्रिटनमध्ये मांसावरचे नियंत्रण 1954 पर्यंत उठले नव्हते हे ध्यानी घेतले, म्हणजे त्या तंबूतील ताटाकडे पर्यटक कोणत्या नजरेने पाहात असतील याची कल्पना येते. त्याच वर्षी मायोर्का बेटावर आल्कुदिया येथे ‘क्लब मेडिटेरानी’ या सहलसंस्थेचीही छावणी पडली, हा योगायोग लक्षणीय आहे.

पुढे 1966 साली विल्सन सरकारने परदेशी खर्चासाठी माणशी 50 पौंडांची मर्यादा घातली, तेव्हा खिशातील प्रत्येक नाण्यास महत्त्व आले आणि सहलकंपन्यांनी घाऊक दराने ठरवलेल्या पूर्ण भोजनासह मुक्कामाची किफायत अधिकच जाणवू लागली. 1959 च्या अवमूल्यनाने पेसेटा हे स्पॅनिश चलन स्वस्त झालेले असल्यामुळे ब्रिटिश पर्यटकांचा ओघ स्पेनकडे वळला. बेनिदोर्मसारख्या मासेमारांच्या गावी उंच हॉटेले उभी राहिली. तेथे स्पॅनिश रिवाजाप्रमाणे रात्री दहाला नव्हे, तर इंग्रजी मुलांच्या सवयीने सायंकाळीच ताटे मांडली जाऊ लागली. महिन्याचे पैसे आगाऊ भरून गिरगावातील खानावळीत जेवणाऱ्या कारकुनास जी निश्चिंती आणि जो कंटाळा एकदमच लाभे, तोच या पाहुण्यांच्या वाट्यास आला. कंपनी दर खाली ओढी, हॉटेलवाला रस्सा पातळ करी, आणि एखाद्या दिवशी पाहुणा पदरचे पैसे मोडून बाहेर जेवावयास जाई.

बाहेर त्याची लूट होऊ नये, यासाठी स्पेनमधील फ्रँको राजवटीच्या पर्यटन मंत्रालयाने, मानुएल फ्रागा मंत्री असताना, 1964 सालीच एक विलक्षण हुकूम काढला. त्याअन्वये प्रत्येक उपाहारगृहाने ‘मेनू तुरिस्तिको’ ठेवणे सक्तीचे झाले: सूप, एक मुख्य पदार्थ, फळ वा गोड, पाव आणि देशी मद्य, हे सारे एका ठराविक किंमतीत. उपाहारगृहांची प्रतवारी लावून त्यांचे दर बांधून देण्यात आले. जेवणाच्या दरपत्रकावर सरकारने असा अंमल बसवावा हे मला काहीसे हास्यास्पद वाटते, परंतु अपरिचित गावात बिलाची धास्ती घेऊन बसलेल्या कुटुंबप्रमुखास ते तसे वाटले नसावे. उपाहारगृहवाल्यांच्या दृष्टीने मात्र हे अल्पलाभाचे लचांड होते, आणि हा मेनू गिऱ्हाइकासमोर आढेवेढे घेतच ठेवला जाई.

पुढे या मेनूचे नाव बदलून ‘मेनू देल दिया’ झाले आणि त्याचा आश्रयदाताही बदलला. किनाऱ्यावरच्या पर्यटकांनी अपार्टमेंटे भाड्याने घेऊन पुन्हा स्वतःच चूल पेटवावयास सुरुवात केली. परकीय पाहुण्यांसाठी योजलेले ते ठराविक किंमतीचे ताट माद्रिदमधील कारकून आणि इमारतीवरचे गवंडी आजही दुपारी दोनच्या सुमारास मागवतात.